मी एक सर्व्हर तोडला

आमच्या घरी फ्रिजच्या डोक्यावर एक काळा डबा आहे, चपलांच्या खोक्याएवढा. जबलपुरातल्या गोहलपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी जुना कॉम्प्युटर घेतला, त्याची डिस्क बदलली, पंखा बदलला आणि तो फ्रिजवर नेऊन ठेवला, कारण घरात इन्व्हर्टरवर चालणारा मोकळा प्लग तेवढा एकच होता. त्या जागी आधी लोणच्याची बरणी असायची. बरणी खाली ओट्यावर आली तेव्हा आईने विचारलं, "हे काय करते?"

"यात सव्वीस माणसं राहतात," मी म्हटलं.

"जेवायला तर नाही ना येणार?" आई म्हणाली, आणि बरणीसाठी जागा शोधू लागली.

जेवायला कुणी आलं नाही, पण बाकी सगळा त्रास त्या सव्वीस जणांनी मला मनसोक्त दिला. ही सगळी जबलपूरच्या मराठी घरांतली माणसं. कुणाचे वडील फॅक्टरीत लागले म्हणून इथे आले, कुणाचे रेल्वेत, कुणाचे केंद्र सरकारच्या ऑफिसात; मूळ बहुतेकांचं नागपूर-अमरावतीकडचं. मुलं पुढे पुण्याला, बंगळुरूला, कुठे कुठे गेली. आधी सगळे एका मेसेजच्या ग्रुपवर होते. तिथे सकाळी फुलं यायची, दुपारी राजकारण, संध्याकाळी भांडण. एका निवडणुकीत तो ग्रुप फुटला आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका बाजारात तोंड फिरवायला लागल्या. मी वेबसाइटी बनवून पोट भरते, लग्नाच्या हॉलच्या, छोट्या कारखान्यांच्या. मला वाटलं, आपण आपलीच एक जागा का करू नये?

तसं करता येतं हे मला माहीत होतं. या प्रकारात एक मोठी कंपनी नसते. ज्याला वाटेल त्याने आपला छोटा सर्व्हर उभा करायचा, आपली माणसं त्यावर ठेवायची, आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलत राहतात. प्रत्येक मोहल्ल्याचं आपापलं पोस्ट ऑफिस असावं, तसं. आमच्या डब्यावरचा माणूस पुण्याच्या सर्व्हरवरच्या माणसाचं लिहिणं वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो, काही आवडलं तर त्यावर तारा देऊ शकतो. मी या पोस्ट ऑफिसची पोस्टमास्तर. कोण कुणाचं वाचतं, कोण कुणाला तारा देतं, हे मनात आणलं तर मला दिसू शकतं. पण लोकांची पत्रं उघडायची नाहीत हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ते पाळलंही. त्याचा मला थोडा गर्वच होता.

पहिले सहा महिने काय चाललं ते सांगण्यात अर्थ नाही. डिस्क भरायची, कारण दुसऱ्या सर्व्हरवरचे फोटो आपल्याकडे साठत जातात आणि ते झाडावे लागतात, हे मला डिस्क भरल्यावर कळलं. एकदा माकडांनी गच्चीवरची इंटरनेटची तार तोडली आणि सव्वीसपैकी एकोणीस जणांनी मला फोन केला. म्हणजे मी जी जागा फोनला पर्याय म्हणून बांधली, तिची चौकशी करायला लोक फोनच करत होते. वैतागाने मी फोन उचलून "हो, डबा बंद आहे" एवढंच म्हणायचे. तेव्हापासून सर्व्हरचं नाव डबाच पडलं. "दीदी, डब्बा चालू है क्या?"

हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचा कोड उघडा असतो. आपल्याला हवं तसं बदलून घेता येतं. ही मुभा माझ्यासारखीच्या हाती लागणं बरं नव्हे. मी बदलत सुटले. आधी अक्षरं मोठी केली. मग बटणांवरचं मराठी सुधारलं. फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका डब्यावर आहेत, ते 'फॉलो'च्या जागचं 'अनुसरण करा' वाचून म्हणाले होते, "ये तो शपथ दिला रहे हैं." म्हणून तिथे मी 'यांचं दिसू द्या' असं लिहिलं. ते सगळ्यांना पटलं.

मग मी सूचनांच्या मागे लागले. हे सॉफ्टवेअर फार प्रामाणिक आहे. काही झालं की ते ज्याला त्याला कळवतं. एका काकूंना एकदा सूचना आली की तुमचं सत्र संपलं आहे, म्हणजे फक्त परत लॉगिन करायचं. त्यांनी मला भर जेवणाच्या वेळी फोन केला, "माझं काय संपलं म्हणून राहिलं हे?" त्यांचे मिस्टर दोन दिवस आधीच डॉक्टरकडे तपासून आले होते, आणि काकूंना वाटलं फोनला काहीतरी कळलंय. मी हसले, मग मला लाज वाटली. त्या रविवारी बसून मी दहा-बारा ओळी लिहिल्या. साठीच्या पुढच्या सगळ्यांना फक्त दोन गोष्टी कळणार: कुणी तुम्हाला काही लिहिलं, किंवा कुणी तुम्हाला तारा दिला. बाकी सगळ्या सूचना बंद. म्हाताऱ्या माणसांना उगाच धास्ती कशाला? काम झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश होते की आईला आल्याचा चहा करून दिला. कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

डबा हळूहळू रुळला. रिटायर झालेले काका रोज पहाटे ग्वारीघाटला जातात, ते नर्मदेचा एक फोटो टाकायचे आणि खाली एक ओळ: पाणी किती चढलं, किती उतरलं, नाववाला आज काय म्हणाला. बरगी धरणापाशी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई तिथल्या कोळ्यांनी काढलेल्या माशांचे फोटो टाकायच्या, आणि बंगळुरूला बसलेली पोरं खाली हाय हाय करायची. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण झाली ती छोटी. बाजारात तोंड फिरवणाऱ्या दोघी डब्यावर एकमेकींच्या अळूवडीला तारे द्यायला लागल्या, तेव्हा मी फ्रिजजवळ जाऊन डब्यावरची धूळ पदराने पुसली. मी एरवी धूळ पुसणारी बाई नाही.

आई पहिलं वर्षभर डब्याकडे फिरकली नाही. मग एक दिवस म्हणाली, "मला पण दे एक खातं." मी उघडून दिलं. तिने फोटोच्या जागी लोणच्याच्या बरणीचा फोटो लावायला सांगितला. वर नाव टाकून माणूस कसा शोधायचा ते मी तिला एकदा शिकवलं. दुसऱ्यांदा विचारायला ती आली नाही. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवून ती चष्मा नाकावर ओढायची, फोन घेऊन दहा मिनिटं बसायची, बोटाने एकदा काहीतरी दाबायची आणि फोन पदराला पुसून ठेवून द्यायची. मला वाटायचं, काकांचा नर्मदेचा फोटो बघत असेल. मी विचारलं नाही. पोस्टमास्तर ना मी.

आता धाकटीचं सांगायला हवं. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती पुण्याला असते, आणि चार वर्षं ती आईशी एक अक्षर बोललेली नव्हती. बाबा गेले तेव्हा तिला नवी नोकरी लागून महिना झाला होता. बाबांना दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी आई म्हणाली, "तिला काहून त्रास द्यायचा? नवीन नोकरी आहे. दोन दिवसांत घरी येतीन हे." दोन दिवसांचे चार झाले. बाबांची तब्येत जास्त बिघडली, तरी आईचं तेच, उद्या पाहू. पाचव्या दिवशी सकाळी बाबा गेले आणि मग धाकटीला फोन झाला. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंत ती राहिली, कामं केली, पाहुण्यांना वाढलं, आणि निघताना दारात आईला म्हणाली, "तू मला माझ्या बाबांना भेटू दिलं नाहीस." त्यानंतर तिने आईला फोन केला नाही. आईने दोनदा केला, तिने उचलला नाही, मग आईनेही सोडून दिलं.

मला ती फोन करायची, महिन्यातून एकदा, वीज बिल भरल्यासारखा. त्यात आईचा विषय काढायचा नाही हे न बोलता ठरलेलं होतं. खरं तर मीही त्या चार दिवसांत तिला कळवू शकले असते. फोन माझ्याही हातात होता. पण आई नको म्हणते या आडोशाला मी बसून राहिले, आणि धाकटीने सगळा राग आईवर काढला तेव्हा मी गप्प राहून तो तिथेच राहू दिला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मागच्या डिसेंबरात ते प्रकरण झालं. पुण्याकडच्या एका मोठ्या मराठी सर्व्हरवरचे तिघं आमच्या ग्वारीघाटच्या काकांच्या मागे लागले. काकांनी लिहिलं होतं, आज थंडी वाढून राहिली, घाटावर शेकोट्या पेटल्या. त्यावर त्या तिघांनी सुरू केलं: ही कुठली गावठी मराठी, आधी शिकून या, मग लिहा. काकांनी सभ्यपणे उत्तर दिलं. त्यांनी काकांच्या फोटोला गाढवाचे कान लावले. काकांचं वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्मदेचा फोटो टाकला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

माझं डोकं फिरलं. या कामात एक शहाणी रीत आहे. दुसऱ्या सर्व्हरचा कुणी त्रास देत असेल तर आधी त्या तेवढ्या माणसांना आपल्याकडून बंद करायचं. मग तिथल्या पोस्टमास्तरला पत्र लिहायचं, थोडी वाट पाहायची. तरीही ऐकलं नाही तरच पूर्ण सर्व्हर आपल्यापासून तोडायचा, आणि तोही आपल्या माणसांना आधी सांगून. ही रीत मीच आमच्या नियमांच्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली होती. त्यातलं एकही पाऊल मी टाकलं नाही. सरळ त्या अख्ख्या सर्व्हरचं नाव बंदीच्या चौकटीत लिहिलं आणि तोडून टाकला. हाताला बरं वाटलं. काकांना फोन करून सांगितलं, "काका, आता ते लोक तुम्हाला दिसणार नाहीत." काका म्हणाले, "अच्छा. चलो, ठीक आहे बेटा." चौथ्या दिवशी नर्मदा परत आली. माझ्या मते विषय संपला.

आठवड्याने आई फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी कुणाच्या तरी हॉलच्या वेबसाइटवर मंडपांचे फोटो चढवत होते.

"माझा फोन बिघडला का पाहा बरं," ती म्हणाली. "काही लोक दिसून नाही राहिले."

"कोण लोक?"

"असेच. काही."

मी फोन हातातसुद्धा घेतला नाही. "फोन चांगला आहे, आई. त्यांनी लिहिणं बंद केलं असेल. नाहीतर तुला बंद केलं असेल. लोक करतात तसं."

"अच्छा," आई म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती सकाळी फोन घेऊन बसेनाशी झाली. फोन ओट्यावर पडलेला असायचा, बहुतेक वेळा चार्जिंग संपलेला. चहा ती उभ्या उभ्या प्यायची. मला वाटलं, कंटाळली असेल डब्याला. एका परीने बरंच झालं, डोळ्यांना आराम. संक्रांत आली, तिळाचे लाडू झाले, आणि दर वर्षी शेजारच्या सात घरांत डबे पोचवणाऱ्या आईने या वर्षी मला सांगितलं, "तू देऊन ये." तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सर्व्हरचा पंखा जरा वेगळा वाजला तरी मला दुसऱ्या खोलीत कळतं, आणि समोर बसलेली आई गप्प झाली ते मला कळलं नाही.

मग धाकटीचा फोन आला. महिना पुरा व्हायचा होता, त्यामुळे मी जरा चकितच झाले. दुपारचे बारा वाजले असतील. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"आई बरी आहे ना?"

चार वर्षांत पहिल्यांदा ती हा शब्द माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "बरी आहे. का गं?"

"खरं सांग."

"खरंच बरी आहे. मटार सोलत बसली आहे. झालं काय?"

"तिचा तारा येत नाही," धाकटी म्हणाली. "तीन आठवडे झाले. रोज सकाळी यायचा. एक दिवस चुकला नव्हता, दिवाळीच्या दिवशीसुद्धा नाही. आता येतच नाही." मग तिचा आवाज एकदम चढला. "तिला काही झालंय आणि तुम्ही मला सांगत नाही आहात. या वेळी पण सगळं झाल्यावर फोन करणार आहेस का मला?"

हळूहळू तिच्याकडून सगळं बाहेर आलं. धाकटी त्या पुण्याच्या सर्व्हरवर होती. रोज सकाळी ती तिच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचा एक फोटो टाकायची. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिच्या फोटोवर एक तारा आला, लोणच्याची बरणी लावलेल्या खात्यावरून, आणि खात्याच्या नावाच्या शेवटी आमच्या डब्याचं नाव होतं. आईने काही लिहिलं नव्हतं. धाकटीनेही काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने परत फोटो टाकला, परत तारा आला. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

"मला काय कुंड्यांचं इतकं वेड आहे?" धाकटी म्हणाली. "ऑफिसला जायच्या घाईत रोज फोटो कुणासाठी काढते मी?"

मी फोन धरून फ्रिजसमोर उभी होते. मला आता सगळं दिसत होतं, एकेक करून. मी सर्व्हर तोडला त्या क्षणी आमच्या डब्यावरच्या आणि त्या सर्व्हरवरच्या प्रत्येकाचा एकमेकांशी असलेला धागा तुटला. तोडणाऱ्याच्या बाजूला ज्याचा तुटला त्याला हे सॉफ्टवेअर सूचना देतं: तुमच्या सर्व्हरने अमुक सर्व्हर तोडला, त्यामुळे तुमची ही माणसं गेली. ती सूचना आईला आली नाही, कारण म्हाताऱ्या माणसांना धास्ती नको म्हणून मीच ती बंद करून ठेवली होती. मग आईने मला येऊन विचारलं, आणि मी तिला सांगितलं की तुला बंद केलं असेल. दोन आठवडे माझी आई असं समजून चालली होती की उरलेली तेवढी एक खिडकीही लेकीने लावून घेतली.

मी धाकटीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू आणि आई. दोघी अगदी सारख्या आहात." आणि फोन ठेवला.

मी तोडलेला सर्व्हर जोडायला बसले. चौकटीतलं नाव काढायला अर्धं मिनिट लागलं. पण सर्व्हर जोडल्याने माणसं जोडली जात नाहीत. तुटलेले धागे आपोआप परत येत नाहीत, ज्याचे त्यानेच पुन्हा बांधायचे असतात. तिथल्या पोस्टमास्तरला मी पत्र लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: त्या तिघांना त्यांनी पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता, हाकलून दिलं होतं, आणि काकांची माफी मागणारं पत्रही त्यांनी दोन-तीन दिवसांनी लिहिलं होतं, पण ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. पोचणार कसं? मी दार लावून बसले होते.

मग मी स्वयंपाकघरात गेले. आई खाली चटईवर बसून मटार सोलत होती. जानेवारीत आमच्याकडे मटारांचं काही सांगू नका, पोत्याने येतात, आणि वर्षभराचे दाणे फ्रीजरमध्ये भरल्याशिवाय आईला चैन पडत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सोलायला लागले. माझं सोलणं तिला आवडत नाही, मी दाणे चेपते. तिने परात मध्ये सरकवली.

"आई, धाकटीचा फोन आला होता. तिने तुला बंद केलेलं नाही. मी तोडलं."

आईचा हात थांबला नाही. "काय तोडलं?"

मी सांगितलं. तिला सर्व्हर वगैरे समजणार नाही असं धरून मी सोपं करून सांगायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "ते समजलं मला. पुढचं बोल." मी पुढचं बोलले. सूचनांचंही सांगितलं. तारा येत नाही म्हणून धाकटी घाबरली, तेही सांगितलं.

"घाबरली?" आई म्हणाली.

"तिला वाटलं तुला काही झालं आणि आम्ही लपवून राहिलो."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. आता ती चिडली होती. चिडली की ती आवाज चढवत नाही, उलट उतरवते. "मी विचारायला आली होती तुला. तुझ्या टेबलापाशी. तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"माझ्या लक्षात नव्हतं, आई. आणि सूचना बंद केल्या त्या तुम्हा लोकांना उगाच त्रास नको म्हणून."

"आमचा त्रास तू काहून ठरवते? माझा होता ना तो. मला सांगायचा, मग माझं मी पाहिलं असतं. सांगायचं तर होतं. माणसाला सांगायचं तर..."

तिथे ती थांबली. ती माझ्याकडे पाहत होती, पण मी तिला दिसत नव्हते. परातीत हात तसाच होता, मटारांच्या दाण्यांत मनगटापर्यंत. बाहेर भाजीवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज लांब जाईपर्यंत आई तशीच बसली होती. मी तिला काही शिकवायला आले नव्हते, माफी मागायला आले होते.

"फोन लाव तिला," आई म्हणाली.

"ती ऑफिसात असेल. संध्याकाळी..."

"आता लाव."

मी लावला. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून मध्ये चटईवर ठेवला. धाकटीने पहिल्याच रिंगला उचलला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"मी बोलून राहिली," आई म्हणाली.

तिच्या मागे ऑफिसातलं कुणीतरी हसत होतं, मग दार लागल्यासारखं वाटलं आणि हसणं बंद झालं.

"तू आहेस ना?" आईने विचारलं.

"हो."

"तुला कळवायला पाहिजे होतं मी. बाबांच्या वेळी. तुझा त्रास मी ठरवला, ते चुकलं माझं." ती एक-एक वाक्य सावकाश बोलत होती, देवापुढे बोलावं तसं. "आणि एक सांगायचं राहिलं आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी तुला विचारलं होतं. दोन वेळा. धाकटी कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, येऊन राहिली, गाडीत बसली आहे, सकाळी पोचते. तू कुठली गाडीत? तुला तर माहीतच नव्हतं. मी खोटं बोलली त्यांना."

धाकटी रडत होती. आवाज दाबून रडत होती, तरी स्पीकरवर येत होतं.

"मग ते काय म्हणाले?" तिने विचारलं.

"म्हणाले, अच्छा, मग थांबतो मी."

हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी दवाखान्याखाली औषधं आणायला गेले होते. चार वर्षं आई हे एकटीच घेऊन बसली होती आणि मी तिच्याच घरात राहत होते.

मग धाकटी म्हणाली, "मी येते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं का?"

"हो," आई म्हणाली. "वाटलं. पेज नको म्हणत होते दिवसभर, मग दोन चमचे घेतली. मला म्हणाले, तिची खोली झाडून घे."

"आणि मग?"

"मग दाराकडे तोंड करून दे म्हणाले. मी कूस वळवून दिली."

धाकटी एकेक विचारत गेली. कुठली चादर होती, कुणाशी शेवटचं काय बोलले, दुखत होतं का. आई प्रत्येकाचं उत्तर देत होती, काही न गाळता, जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणून सांगत होती. मी उठून जावं असं मला एकदा वाटलं, पण आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, म्हणून मी बसून राहिले आणि माझे बाबा कसे गेले ते ऐकलं.